अकोल्याला नेलेला कॉम्प्युटर

त्या वर्षी होळीच्या सुमारास माझ्या कॉम्प्युटरने मान टाकायला सुरुवात केली. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, पडदा निळा व्हायचा आणि सगळं ठप्प. मी पुन्हा दाबायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला स्वारी जागी व्हायची, आणि मग मी आधी आदल्या दिवशीचं काम जागेवर आहे ना ते बघायचे. वय झालं होतं त्याचं. माझंही काही कमी झालेलं नव्हतं, पण माझ्यासाठी कुणी मेकॅनिक नव्हता.

अमरावतीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी टायपिंगची कामं घ्यायचे. दारावर पाटी होती, 'मराठी टायपिंग करून मिळेल'. लग्नात मिळालेल्या शिलाई मशीनचं वरचं यंत्र काढून त्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला होता, त्यामुळे टाइप करताना पाय आपोआप खालच्या पायट्यावर हलत राहायचे. नवऱ्याची सूतगिरणी बंद पडून दीड-दोन वर्षं होत आली होती. तो मिळेल ते काम करायचा, नाही मिळालं तर घर आणि दोन्ही पोरं सांभाळायचा. त्यावरून मी त्याला कधी बोलले नाही, निदान रोज तरी नाही. घर चालत होतं ते त्या टेबलावरच्या डबड्यावर.

विद्यापीठाचं गाव म्हणून माझं मुख्य गिऱ्हाईक प्रबंधांचं. ती वर्षं कापसाची फार वाईट होती. बाहेरगावच्या गाड्या भरभरून यायच्या, पाहण्या व्हायच्या, फोटो निघायचे. ज्यांना गाडी नव्हती ते पीएचडी करायचे. एकापाठोपाठ एक असे कितीतरी प्रबंध मी टाइप केले, सगळे आमच्यावरच, वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या मरणावर. प्रत्येकाचं पहिलं प्रकरण वऱ्हाडच्या भूगोलाचं. काळी माती, कोरडवाहू शेती, आणि मग ठरलेलं वाक्य : पूर्णेच्या दोन्ही काठांनी खारपाणपट्टा असून तेथील भूजलात क्षारांचे प्रमाण अधिक आहे. एका महाशयांनी पूर्णा नदी पूर्वेकडे वाहायला लावली होती, ती मी गुपचूप पश्चिमेला वळवली. 'नापिकी' हा शब्द माझी बोटं माझ्या नावापेक्षा लवकर टाइप करायची. वाचून वाचून मला आता वाईट वाटेनासं झालं होतं, आणि त्याचंच कधीकधी वाईट वाटायचं.

तर कॉम्प्युटर. माझे दुरुस्तीवाले एक चाचा होते. मी अकोल्याला टायपिंग शिकत होते तेव्हापासूनचे. तेव्हा ते गावोगावच्या इन्स्टिट्यूटमधली टाइपरायटर मशीनं तेलपाणी करायला यायचे. मशीनं गेली, चाचा कॉम्प्युटरकडे वळले आणि त्यांनी अमरावतीत दुकान टाकलं. त्यांनी माझ्या डब्याचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"ताई, तीन रस्ते आहेत," ते म्हणाले. "एक, याचंच बोर्ड बदलून टाकू, थोडी मेमरी वाढवू, डबा हाच राहीन. दोन, नवा असेंबल करून देतो, मंग पाच वर्षं इकडे पाह्यचं काम नाही. तीन, लॅपटॉप घ्या. पन लॅपटॉपमंदी तुमचं ते कुलूप कोठी लावान?"

कुलूप म्हणजे आमच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं. बोटभर लांबीचा प्लॅस्टिकचा तुकडा होता तो, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरची पिन लावायची जागा असते तिथे खोचायचा. तो नसला तर पडद्यावर मराठीचं एक अक्षर उमटायचं नाही. नव्या लॅपटॉपला ती पिनांची जागाच ठेवत नव्हते. नवं सॉफ्टवेअर घ्यावं तर जुन्या सगळ्या फायली उघडल्यावर किडेमुंग्या दिसायच्या. मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार करायला दोनच दिवस मिळाले. तिसऱ्या दिवशी अकोल्याहून भावाचा फोन आला, आई पडली. तिकडे नळाला सहा-सात दिवसांनी पाणी यायचं. आलं की सगळा मोहल्ला भांडी घेऊन धावायचा, आणि सत्तरीची माझी आई त्यात सगळ्यांत पुढे. ओल्या फरशीवरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी घातली, आणि डॉक्टरांनी तीन महिने पलंग सांगितला.

भाऊ डाळमिलमध्ये कामाला, वहिनी अंगणवाडी सेविका. सकाळी दहापासून चारपर्यंत घरात कुणी नाही. शेजारीण मधून डोकावून जायची. ऑपरेशनला पंधरा दिवस झाले नसतील, आईने एकटीनेच उठून मोरीपर्यंत जायचा बेत केला आणि पलंगाच्या कडेवरून खाली आली. हाड बचावलं. वहिनीने मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "मी आता काय करू, तुमीच सांगा." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मग चाचांचे ते तीन रस्ते मला निराळेच दिसायला लागले. नवा असेंबल करायचा म्हणजे अमरावतीत पक्कं ठाण मांडायचं, आणि आईचं जे व्हायचं ते तिकडे होऊ द्यायचं. लॅपटॉप म्हणजे काम घेऊन आईपाशी जाऊन राहायची सोय, पण त्याला कुलूप लागत नव्हतं, आणि कुलपाशिवाय काम नव्हतं. काम सोडून जाणं तर बोलायचीच गोष्ट नाही. घरात खाणारी चार तोंडं होती, आणि एका प्राध्यापकांचा प्रबंध निम्मा टाइप होऊन पडलेला होता. त्यांची बढती त्याच्यावर अडली होती, दर दोन दिवसांनी ते दारात उभे राहायचे.

मी जुनाच दुरुस्त केला. बोर्ड बदललं, मेमरी वाढवली. खरं सांगायचं तर तो निर्णय नव्हताच, ती निर्णयाला दिलेली बगल होती. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मंग आईपाशी कधी जातं?" मी त्या दुरुस्त केलेल्या डबड्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हे घेऊनच जातो."

तो हसला. मी खरंच नेलं.

जुन्या गोधडीत गुंडाळलेला डबा मांडीवर, आणि तो मोठ्या पाठीचा मॉनिटर दोन पायांच्या मध्ये, अशी मी एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "टीव्ही घेऊन जाऊन राहिले काय बाई?" मी हो म्हटलं, कारण कॉम्प्युटर म्हटलं असतं तर त्याने सामानाचं तिकीट फाडायचा विचार केला असता असं मला वाटलं. मूर्तिजापूरपर्यंत पाय बधिर झाले. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला मी डबा छातीशी धरायचे. माझी धाकटी तान्ही असतानाही मी तिला इतक्या काळजीने नेलं नव्हतं.

आईने मला दारातून येताना बघितलं ते असं, छातीशी डबा, मागे भाऊ मॉनिटर घेऊन. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्याने अर्धवट दिसायचं.

"काय आनलं वं हे?"

"माझं काम आहे आई."

"काम घेऊन आली? माहेराले कोनी काम घेऊन येते काय?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. रागावली होती. आमच्याकडे माहेरी आलेल्या मुलीला ताट-वाटीसुद्धा उचलू देत नाहीत, आणि ही तर आख्खा संसार डोक्यावर घेऊन आलेली.

पण दुपारी मी तिच्या खोलीत टेबल लावून टाइप करायला बसले, आणि थोड्या वेळाने बघते तर ती झोपली होती. वहिनी म्हणाली, ऑपरेशन झाल्यापासून दुपारची अशी कधी झोपल्या नाहीत.

याचं कारण मला ठाऊक होतं. मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या आळीतल्या सगळ्या मुली शिवणाला गेल्या. आई म्हणाली, ही टायपिंग शिकीन. इन्स्टिट्यूट बाजारात, तास संध्याकाळचा, वडील काही केल्या पाठवेनात. आई म्हणाली, मी जातो सोबत. वर्षभर ती रोज इन्स्टिट्यूटच्या पायरीवर बसली, ओटीत तुरीच्या शेंगा नाहीतर निवडायची भाजी घेऊन. आत बारा-पंधरा मशीनं एकदम खडखडायची, पण तिचं म्हणणं असं की त्यातलं माझं मशीन तिला कळायचं. मी थांबले की ती आत डोकावायची. घरी जाताना म्हणायची, "आज मधात थांबली तू दोनखेप." आईला सही करता यायची, तेवढंच लिहिता यायचं. मी कधी विचारलं नाही की एवढं कसं कळतं. विचारायला हवं होतं.

माझा कीबोर्डही जुना होता, एकेक बटण खटखट वाजणारा. तो वाजत राहिला की ती निवांत असायची.

पुढचे वीस-बावीस दिवस मी म्हणेन बरे गेले. सकाळी आईचं अंग पुसायचं, औषध, पेज, मग वहिनी गेली की मी टेबलाशी. वीज जायची ती दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, आणि न ठरलेल्या वेळीही. वीज गेली की कॉम्प्युटरही बंद आणि कूलरही बंद. तेवढ्या वेळात मी प्रबंधाची फाइल घेऊन आईला वारा घालायचे. फायलीचा तेवढा उपयोग मला पटत होता.

एप्रिल संपला आणि अकोल्याचं ऊन सुरू झालं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मशीन तापून आपोआप बंद पडायला लागलं. आता वऱ्हाडात याला एकच उपाय, आणि तो मी अमरावतीत दर उन्हाळ्यात करत आले होते. डब्याची एका बाजूची पत्र्याची भिंत काढायची, म्हणजे आत हवा लागते, आणि डबा कूलरच्या तोंडासमोर ठेवायचा. खिडकीत भावाचा मोठा पत्र्याचा कूलर होता. मी टेबल सरकवलं, आई आणि कॉम्प्युटर दोघांनाही वारा लागेल असं. मशीन लगेच शहाण्यासारखं चालायला लागलं. मी स्वतःवर खूश झाले.

अमरावतीत आमच्या नळाला धरणाचं पाणी. इथे भावाचं घर गावाच्या टोकाला, सहा दिवसांनी येणारं गोडं पाणी प्यायला पुरत नव्हतं, ते कूलरमध्ये कोण ओतणार? कूलरमध्ये बोअरचं पाणी. बोअरचं पाणी खारं. तांब्याभांड्यांवर त्याची पांढरी पुटं चढायची, साबणाला फेस यायचा नाही. कूलरचा पत्रा दर दोन वर्षांनी गळून पडायचा. मी त्याच घरात वाढले होते, त्याच पाण्याने केस धुऊन चिकट झाले म्हणून लहानपणी रडले होते. आणि खारपाणपट्ट्याचं ते वाक्य मी किती प्रबंधांत टाइप केलं त्याला मोजदाद नाही. त्या आठवड्यातसुद्धा प्राध्यापकांच्या दुरुस्त्या करताना एकदा केलं होतं, कूलरच्या वाऱ्यात बसून.

मेच्या मध्यावर एका दुपारी वीज आली, मी बटण दाबलं, आणि काही झालं नाही. पंखासुद्धा घरघरला नाही. डब्यात डोकावून बघितलं तर नव्या बोर्डावर सगळीकडे पांढरी पूड बसलेली, पिनांच्या मुळाशी हिरवट.

वहिनी चारला घरी आली, तिने बघितलं. "आमी तं कूलरसमोर लोखंडी पेटीसुदिक ठेवत नाही," ती म्हणाली.

"मग सांगितलं नाही ते?"

"मले वाटलं तुमाले मालूम असन. तुमी अथलेच ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, तेही खारंच, आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले. मला रडायचं नव्हतं. मला नुसतं कुठेतरी बसून राहायचं होतं, आणि कुणी काही विचारायला नको होतं.

डबा पुन्हा गोधडीत गुंडाळून, कीबोर्डसकट, मी अमरावतीला आणला. चाचांनी बोर्डावरून बोट फिरवलं, ते जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"नमक आहे ताई."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"हार्ड डिस्क जिंदा आहे, काम तुमचं वाचलं. बोर्ड गेलं." त्यांनी बोट पुसलं. "आता पुन्हा तेच तीन रस्ते. बोर्ड टाकू, नवा बांधू, का लॅपटॉप?"

प्राध्यापकांना मी सांगितलं की मशीन बिघडलं, आठवडा लागेल. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला माझ्या विषयाचं गांभीर्यच नाही." त्यांच्या विषयात मी चाळीस वर्षं राहत होते.

आणि तिकडे अकोल्यात आई दुपारची पुन्हा एकटी होती. म्हणून ह्या खेपेला मी बगल दिली नाही. चाचांना म्हटलं, मला लॅपटॉपच पाहिजे, आणि माझं कुलूप लागेल असाच पाहिजे, कुठूनही काढा. त्यांनी चार दिवस फोन फिरवले. शेवटी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला एक जुना लॅपटॉप आणला, जाडजूड, कोपरे घासलेले. पण मागे प्रिंटरच्या पिनांची जागा शाबूत होती. चाचांनी माझ्यासमोर कुलूप खोचलं, हार्ड डिस्कमधलं सगळं काम त्यात ओतलं, आणि पडद्यावर मराठी उमटली. "घ्या, चालली गाडी," ते म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तो लॅपटॉप खांद्याच्या पिशवीत घालून मी एसटीत बसले तेव्हा माझे दोन्ही हात मोकळे होते. खिडकीतून बाहेर बघत मी अकोल्यापर्यंत गेले.

सगळं सोपं झालं. वीज गेली तरी तास-सव्वा तास बॅटरी चालायची. टेबल नको, कूलरचं तोंड नको, मी आईच्या पलंगाशेजारी खाली गादी टाकून भिंतीला टेकून बसायचे, कूलरकडे पाठ करून, लॅपटॉप मांडीवर. इतक्या जवळ की तिने हात खाली सोडला तर माझ्या डोक्याला लागावा. मी मनात म्हटलं, हे आधीच करायला हवं होतं.

पहिल्याच दुपारी तिने विचारलं, "आहे काय वं तू अथी?"

"आहे ना आई."

पाच मिनिटांनी पुन्हा. "आहे काय वं?"

"आहे. काम करून राहिली."

"आवाज नाही येत कामाचा."

लॅपटॉपची बटणं मऊ, त्यांचा आवाज कूलरच्या घरघरीत बुडून जायचा. तिला धड दिसत नव्हतं, आता मी ऐकूही येत नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. झोप तर गेलीच. डोळा लागला की दचकून जागी व्हायची आणि विचारायची. आधी मी नीट उत्तर द्यायचे. मग मान वर न करता हुं म्हणायला लागले. एकदा चिडून म्हटलं, "आई, कोठी जाईन मी? कितीखेप विचारशील?" त्यावर ती संपूर्ण दुपार एक शब्द बोलली नाही, आणि मला माहीत होतं की ती झोपलेली नाही.

त्या आठवड्यात प्रबंधाची काही पानं छापून प्राध्यापकांना दाखवायला मी अमरावतीला गेले. आमच्या टेबलावर माझा जुना कीबोर्ड धूळ खात पडला होता. तो लॅपटॉपच्या पिशवीत घालून चाचांकडे गेले आणि विचारलं, हा लॅपटॉपला लागतो का?

"लॅपटॉपले त्याचा कीबोर्ड आहे ना ताई!"

"हा वाजतो."

मग मी आईचं सांगितलं. त्यांना आई चांगली आठवत होती, मशीनांना तेल घालायला येताना पायरीवर बसलेली दिसायची. त्यांनी लॅपटॉप फिरवून बाजूची एक गोल खाच शोधली, तिच्यात कीबोर्डची पिन लावली आणि स्वतःच दोन बोटांनी खटखट करून बघितलं. "वाजते," ते म्हणाले.

असा माझा तो लॅपटॉप, पलंगाशेजारच्या स्टुलावर उघडा ठेवलेला, त्याला शेपटीसारखा लोंबणारा जुना कीबोर्ड, आणि तो माझ्या मांडीवर. वहिनी म्हणाली, एवढंच करायचं होतं तर लॅपटॉप कशाले घेतला? मी तिला समजावून सांगत बसले नाही. आई दहा मिनिटांत झोपली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रबंध संपला. शेवटचं प्रकरण निष्कर्षाचं, ते मला पाठच होतं. संदर्भसूची झाली, अनुक्रमणिका झाली. पोरांच्या शाळा उघडायला आल्या होत्या, नवरा रोज फोन करून दप्तरांचं विचारायचा. आई आता धरून उभी राहायची, मोरीपर्यंत वॉकर घेऊन जायची. काम संपलं म्हणजे माझं तिथलं राहणंही संपलं होतं. लग्न झालेली मुलगी दुसऱ्याच्या घरात, भावाचं असलं तरी, काही कारण असेपर्यंतच राहते. माझं कारण ते काम होतं.

मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी गेल्यावर मी नेहमीसारखी बसले, कीबोर्ड मांडीवर घेतला, आणि पडद्यावर कोरं पान उघडलं. काय टाइप करावं सुचेना. वीस वर्षं दुसऱ्यांचंच टाइप करत आलेली मी, स्वतःचं लिहायला माझ्याकडे एक ओळ नव्हती. मग बोटं आपोआप पहिल्या धड्यावर गेली. इन्स्टिट्यूटमध्ये पहिला महिनाभर घोटून घेतात तो, मधली ओळ. डाव्या हाताची चार बोटं, उजव्या हाताची चार, मग अंगठ्याने मोकळी जागा. पुन्हा डावा, उजवा, अंगठा. पान भरलं की पुढचं पान. मला वाटलं, आवाज तर आवाज, तिला काय कळणार. अशी एक दुपार गेली. दुसऱ्या दुपारी तिसरं की चौथं पान चाललं होतं, आणि आई झोपली असं समजून मी नुसती बोटं चालवत भिंतीकडे बघत होते.

"हे तं पयल्या महिन्यातलं होय," आई म्हणाली.

मी थांबले.

"कालपासून तेच वाजवून राहिली तू. काम सरलं काय?"

ती छताकडे बघत होती, मला वाटतं मी कुठे आहे ते तिला नीट माहीत होतं.

"सरलं असन तं सांगाव ना. मी काय धरून ठेवतो काय तुले? घरी पोरं आहेत." मग ती म्हणाली, "इतके दिस मी वाट पाहून राहिली का हे कधी सरते अन् तू कधी मोकळी होतं. उद्या जाजो. आज बस माह्यापाशी."

दोन महिने मी तिच्यापाशीच बसले होते असं मी समजत होते. मी हात वर करून लॅपटॉप मिटला आणि उठून पलंगाच्या कडेवर बसले. कीबोर्ड सवयीने मांडीवर तसाच आला होता. आईने हाताने चाचपून तो बाजूला सारला आणि तिथे स्वतःचा हात ठेवला.